‘मग ते मूग कुणी खाल्ले?’ : मराठी बालपुस्तकांच्या प्रकाशकांना खुलं पत्र

पुण्यातल्या मराठी बालपुस्तकांच्या सर्व प्रकाशकांना आणि संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांशी माझी तोंडओळख आहे, काहींशी त्याहून जास्त. गेली २२ वर्षं मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करते. “ताई, एवढं उद्या संध्याकाळपर्यंत हवं” असं तुम्ही म्हणालात आणि मी रात्री बसून ते दिलं, असं कितीदा तरी झालं आहे. आजचं पत्र मात्र कामाचं नाही, मागणीचं आहे. सगळ्यांना एकदमच लिहिते आहे, कारण एकेकट्याला भेटून बोललं की “बघू” म्हणून विषय तिथेच संपतो.

मागणी अशी : कठीण, प्रयोगशील म्हणून बाजूला ठेवली जाणारी कविता लहान मुलांसाठी चित्रपुस्तकांच्या रूपात काढा. ती सोपी करू नका, जशी आहे तशीच राहू द्या. एका पुस्तकात एकच कविता, आणि शेवटी अर्थ नको.

दोन महिन्यांपूर्वी अशा एका पुस्तकाची डमी, म्हणजे नमुना प्रत, मी एका प्रकाशकांना दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत नीट पाहिली, चहा पाजला आणि म्हणाले, “छान आहे, पण मुलांना कळणार नाही.” त्यांच्यावर माझा राग नाही. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्या मुलांसोबत ती डमी तयार झाली त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मी समोर बसून पाहिलं होतं. ते आधी सांगते.

धायरीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर शनिवारी चार वाजता मुलं जमतात. एक सतरंजी, दोन पेट्या पुस्तकं, एक पांढरा फळा. सहा ते दहा वर्षांची दहा-बारा मुलं. थोडी मराठी शाळेतली, बरीचशी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलणारी, पण वाचायला दिलं की अडखळणारी. ज्येष्ठात पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, त्या आठवड्यात मी त्यांना ज्ञानदेवांच्या नावावर असलेलं ते कूट, म्हणजे कोड्यासारखी रचना, म्हणून दाखवलं :

काट्याच्या अणीवर वसले तीन गाव
दोन ओसाड, एक वसेचिना

पहिल्या ओळीला कुणी काही बोललं नाही. दुसरी ओळ झाल्यावर एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, “म्हणजे तीन गावं नाहीतच की!” मी म्हटलं, पुढे ऐक. मग त्या न वसलेल्या गावात तीन कुंभार आले, दोन थोटे, एकाला घडेचिना. ज्याला घडेचिना त्याने तीन मडकी घडवली, दोन कच्ची, एक भाजेचिना. त्या न भाजलेल्या मडक्यात तीन मूग रांधले, दोन हिरवे, एक शिजेचिना.

‘अणी’ म्हणजे टोक, हे सांगावं लागलं. ‘थोटे’ सांगावं लागलं. बाकी काहीच नाही. मडक्यांपाशी येईपर्यंत मुलं माझ्या आधी ‘चिना’ म्हणायला लागली होती. एकाने आपली पाण्याची बाटली पुढे करून सांगितलं, “उघडेचिना!” दुसऱ्याने ती उघडून दिली. सगळ्यात धाकटी, सहा वर्षांची, अजून जोडाक्षरं न येणारी मुलगी मात्र गप्प होती. निघताना चपला घालत तिने विचारलं, “मावशी, मग ते मूग कुणी खाल्ले?”

मला उत्तर सुचलं नाही. तिच्या भावाने दिलं, “शिजलेच नाहीत तर कसे खाणार?” त्यावर ती म्हणाली, “दोन हिरवे होते ना. हिरवे कच्चेच खातात. आजी मोड आणते.”

या रचनेचा वेदान्ती उलगडा मी ऐकला आहे, कीर्तनातही ऐकला आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण कच्च्या मुगाला मोड येतात, म्हणजे जे शिजत नाही ते वाया जातंच असं नाही, हे मला त्या मुलीने दाखवलं. आणि आता त्या प्रकाशकांच्या वाक्याकडे येते. ज्ञानदेवांच्या त्या रचनेचा अगदी शेवटचा शब्द कोणता आहे? ‘सद्गुरूवाचून कळेचिना.’ न कळण्यावरच ती थांबते. मुलांनी तो शब्दही बाकीच्या ‘चिना’ंइतक्याच आनंदाने, कोरसमध्ये म्हटला. आपल्याला ज्याची भीती वाटते, ते त्यांनी खेळासारखं झेललं.

पुढच्या शनिवारी ती सात वर्षांची मुलगी स्वतःची ओळ घेऊन आली : “डब्यात होत्या तीन पोळ्या, दोन करपल्या, एक संपेचिना.” तिला कूट म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही. एका शनिवारात ती त्याचं व्याकरण उचलून घरी घेऊन गेली.

प्रयोगशील कविता म्हटलं की आपल्याला ती बाहेरून आलेली, महाविद्यालयात शिकवायची वस्तू वाटते. पण मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते असं मुक्ताबाईंच्या नावावरच्या अभंगात आहे, आणि पुढे माशी व्याली, तिची घार झाली. हे ज्यांनी गायलं आणि ऐकलं, त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. एकनाथांची भारुडं गावच्या देवळापुढे होत तेव्हा ओसरीवरचं म्हातारं आणि आईच्या मांडीवरचं पोर एकाच वेळी ऐकत असे. ‘वयोगट ६ ते ८’ ही चौकट तिथे नव्हती. ती आपण मलपृष्ठावर छापायला लागलो. मीच कितीतरी पुस्तकांवर टाकली आहे.

तसंच दुसऱ्या एका चौकटीचं. साधारण दहा वर्षांपूर्वी मुलांच्या कवितांचं एक पुस्तक माझ्याकडे मांडणीला होतं. कविता चांगल्या होत्या, चित्रं त्याहून चांगली. पानं लागून तयार झाल्यावर निरोप आला, प्रत्येक कवितेखाली ‘या कवितेतून आपण काय शिकलो?’ अशा तीन ओळी घालायच्या. जागा नव्हती. म्हणून मी चित्रं लहान केली. एका पानावर एक मुलगा विहिरीत वाकून बघत होता. त्याच्या समोरची विहीर कापली गेली आणि तो नुसताच वाकलेला राहिला. पुस्तक छापून आलं तेव्हा मी भाचीला दिलं. तिने पान उघडलं, खालच्या तीन ओळी वाचल्या आणि पान उलटलं. पुढच्या पानावरही तेच. मी विचारलं, वरची कविता? ती म्हणाली, “उत्तर खाली दिलंय की.”

ती आठ वर्षांची होती. शाळेने तिला शिकवलेली गोष्ट ती इमानदारीने करत होती. चूक माझी होती, आणि त्या पुस्तकावर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती. त्यानंतर मी अशी चौकट घालायला नकार देत आले आहे, आणि त्यामुळे दोन-तीन कामं गेलीही.

आता चित्रांविषयी, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. मराठीत उत्तम चित्रपुस्तकं निघतात, पुण्यातूनच निघतात, हे मला माहीत आहे. गोष्टींच्या बाबतीत आपण फार पुढे आलो आहोत. कवितेच्या बाबतीत मात्र अजून ओळीत आंबा आला की शेजारी आंबा, चांदोबा आला की चांदोबा. मूल शब्द वाचतं, चित्रात तोच शब्द पुन्हा बघतं, आणि दोन्हीतलं एक फुकट जातं. कठीण कवितेला हे चालतच नाही. ‘वसेचिना’चं चित्र कसं काढणार?

मी मुलांनाच विचारलं. प्रुफांचे पाठकोरे कागद वाटले आणि म्हटलं, काढा ती तीन गावं. दोन ओसाड गावं सगळ्यांनी पटापट काढली : लोंबणारी दारं, एक कुत्रं, वाळलेला हापसा. तिसऱ्या गावाशी सगळे अडले. एका मुलाने घरं काढली आणि खोडरबराने पुसली. कागद माझ्याकडे देताना त्याने तो उजेडात तिरका धरला. पेन्सिल दाबून काढलेल्या भिंतींचे खोल चरे कागदावर राहिले होते. सात वर्षांच्या मुलीने पानभर एक काटा काढला, टोकावर काही नाही. तिचं म्हणणं, गाव आहे, पण फार लहान आहे. आणि एका नऊ वर्षांच्या मुलाने पत्र्याचं कुंपण घातलेली मोकळी जागा काढली, वर एक मोठी पाटी, पाटीवर रंगीत इमारत. आमच्या धायरीत असे प्लॉट गल्लोगल्ली आहेत. पाटी आहे, गाव वसेचिना.

डमी मी या तीन कागदांवरून केली. पहिल्या समोरासमोरच्या दोन पानांवर फक्त काटा, आडवा, डावीकडून सुरू होऊन उजव्या कडेला टोक. पान उलटलं की डावीकडे दोन ओसाड गावं आणि उजवं पान कोरं, अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘एक वसेचिना’. कोऱ्या पानावर बोट फिरवलं तर घरांचे चरे लागतात. शाई न लावता नुसता दाब देऊन ते उठवता येतात, बायंडरकडे ती सोय असते. पुढचं पान ‘वसेचिना’ याच शब्दाने उघडतं. ही या रचनेची मोठी खुबी आहे. एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्याचा पहिला. ‘आला वसंत कविकोकिल हाही आला, आलापितो...’ हे दामयमकाचं उदाहरण आपण शाळेत पाठ केलं, पण ते पान उलटायला लावतं, हे मला डमी हातात धरल्यावर कळलं. मूल उजव्या पानाच्या तळाशी एक शब्द सोडतं आणि पान उलटून तोच शब्द उचलतं.

माझे वडील शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्या काळी ओळ तिरकी करायची म्हटलं तर तासभर जायचा. आज ते माऊसच्या एका ओढीचं काम आहे, आणि तरी आपल्या मुलांच्या कवितेतल्या ओळी मधोमध, सरळ, एकाखाली एक उभ्या असतात. अरुण कोलटकर जे. जे. मध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम केलेले कवी. १९७६ साली आलेल्या त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त देऊळ आणि रेल्वे स्टेशन यांच्या मध्ये ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात, आणि त्या जागी कागदावरचे शब्दच वर-खाली उड्या मारायला लागतात. पुण्यातली किती मुलं दरवर्षी जेजुरीला जातात, कपाळाला भंडारा लावून परत येतात! ती कोंबडी त्यांना चित्रपुस्तकात का भेटू नयेत? यासाठी हक्कदारांची परवानगी काढावी लागेल, हे मला ठाऊक आहे. कुणीतरी पत्र तर लिहायला हवं.

शब्द अजिबात नसलेली कविताही मी मुलांना दिली आहे. क्रिस्टियान मॉर्गनस्टर्न या जर्मन कवीची, १९०५ साली पुस्तकात आलेली, माशाचं रात्रगीत. त्यात फक्त आडव्या रेघा आणि वर तोंड केलेल्या वाट्यांसारख्या खुणा आहेत. आपण वृत्त शिकताना गुरू-लघूच्या करतो ना, अगदी त्याच. मी त्या फळ्यावर काढल्या आणि एवढंच सांगितलं, हे माशाचं गाणं आहे. अर्धा मिनिट कुणी हललं नाही. मग एकाने रेघेला ओठ मिटले, वाटीला उघडले. बघता बघता सगळी सतरंजी आवाज न करता गात होती. इतकी शांतता झाली की रखवालदार काका काय झालं म्हणून बघायला आले. मला तेव्हा दहावीतले गण आठवले, य-मा-ता-रा-ज-भा-न-स-ल-गा. ते आम्ही घोकले. गुरूला ओठ मिटतात आणि लघूला उघडतात, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

‘झपूर्झा’विषयी वेगळं सांगायला हवं, कारण ते मराठीतलं सगळ्यात सोपं पहिलं पुस्तक ठरेल असं मला वाटतं. केशवसुतांची ही कविता दुर्बोध म्हणूनच आपल्याला शिकवली गेली. पण तो शब्द आला कुठून? खेळणाऱ्या मुलींच्या तोंडातून. ‘जा पोरी जा’ हे भरभर म्हणता म्हणता त्याचं ‘झपूर्झा’ होतं, असा उलगडा केशवसुतांनीच केला आहे. म्हणजे ज्या कवितेपुढे मोठी माणसं हात टेकतात तिचा धागा मुलींच्या खेळातून काढलेला आहे, आणि आपण ती मुलींना देत नाही. आमच्या पार्किंगमध्ये दोन मुली ‘झपूर्झा! गडे, झपूर्झा!’ म्हणत फुगडी घालायला लागल्या तेव्हा मी फक्त मधल्या ओळी म्हणत राहिले. ‘हर्षखेद ते मावळले’ या ओळीला त्या गरगरत होत्या. थांबल्यावर एक म्हणाली, “सगळं पुसलं गेल्यासारखं दिसतंय.” कुडजे गावाजवळ खडकवासल्याच्या पाण्याकाठी त्याच नावाचं संग्रहालय आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. कविता मात्र त्या मुलांच्या हातात नसते.

हक्कांचं म्हणाल तर, आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर, त्या वर्षाच्या अखेरीपासून ६० वर्षं त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवर हक्क राहतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे २०१७ उजाडल्यापासून त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कविता कुणालाही छापता येतात. संतकवींचा प्रश्नच नाही. सुरुवात करायला परवानगीची अडचण नाही.

सगळी प्रयोगशील कविता मुलांना द्यावी असं मी म्हणत नाही. मर्ढेकरांची पिंपातल्या उंदरांची कविता मी सात वर्षांच्या मुलांपुढे ठेवणार नाही. ती कठीण आहे म्हणून नव्हे. त्या गुदमरण्यातून मुलाला बाहेर काढायला शेजारी कुणी असेलच असं नाही, म्हणून. नामदेव ढसाळ याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले. त्यांची कविता पंधराव्या वर्षी हातात यावी, आणि तीही चित्रांसह यावी असं मला वाटतं. पण ‘गणपत वाणी’ मी नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवली. त्यांच्यात एकाच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. गणपत बिडी पिताना काडी चावतो आणि इथे माडी बांधीन असं मनाशीच म्हणतो, आणि बिडी पिऊन मरून जातो. तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “तो मनातच म्हणत बसला. मोठ्याने म्हणाला असता तर कुणी तरी ऐकलं असतं.” शेवटच्या, जन्मांधाच्या ओळीचं मी काहीही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. ती ओळ त्यांच्याकडे तशीच राहू दे, कधीतरी दहा वर्षांनी उघडेल.

एक गोष्ट मी इतक्या वर्षांत शिकले, ती तुम्हाला धंद्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडेल. इंग्रजी शाळेतलं जे मूल मराठी गोष्टीचा परिच्छेद बघून पुस्तक मिटतं, तेच मूल अशा कवितेचं पान वाचतं. कारण पानावर चार शब्द असतात. चार शब्दांवर ते थांबतं, अक्षर अक्षर लावतं, आणि जमलं की पान उलटतं. ‘घडेचिना’ हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नसतो, पण तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या रूपात येतो, तोंडात बसतो. तुमचा जो वाचक हातचा चालला आहे, तो या दाराने परत येऊ शकतो. मात्र अक्षर मोठं हवं, निदान २० ते २४ पॉइंट, आणि ओळींत भरपूर जागा हवी. आपल्या लिपीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात, इंग्रजी पुस्तकाचं अंतर उचलून इथे ठेवलं तर ते एकमेकांत अडकतात. आणि कृपा करून चित्रावर अक्षरं छापू नका.

खर्चाचं तुम्ही म्हणाल हे मला माहीत आहे, आणि ते खरं आहे. चार रंगांत, आर्ट पेपरवर, ३२ पानं, हजार प्रती, असं पुस्तक काढलं की किंमत अशी होते की आई-वडील हातात घेऊन परत ठेवतात. पण कवितेला एवढं लागत नाही. १६ पानांचा एक फॉर्मा, दोन रंग, साधा मॅपलिथो कागद, वर जाड कागदाचं कव्हर, मधे पिना. रंग अर्धे म्हणजे प्लेट अर्ध्या. १९३९ मध्ये अमेरिकेत गर्ट्रूड स्टाइन या फार कठीण मानल्या जाणाऱ्या लेखिकेचं मुलांसाठीचं पुस्तक निघालं, क्लेमेंट हर्ड यांच्या चित्रांचं. कागद गुलाबी होता आणि अक्षरं निळ्या शाईत. रंगीत पानावर रंगीत शाई! आपल्याकडे लग्नपत्रिका आणि हँडबिलं यांच्यासाठी हे रोज चालतं. ‘तीन गाव’ पिवळट कागदावर एका करड्या शाईत छापलं तर त्याला आणखी काही लागणार नाही. आणि तुमच्यातल्या चौघांनी मिळून एकाच आकारात एकेक पुस्तक ठरवलं, तर कागद एकत्र घेता येईल आणि मोठ्या मशिनवर एकत्र छापता येईल. हा हिशेब मांडून द्यायला मी केव्हाही तयार आहे.

चित्रकार शोधायला लांब जायला नको. टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय आहे, तिथल्या वर्गात दरवर्षी नवे हात तयार होतात. त्यांना कविता द्या, वेळ द्या, पैसे द्या, आणि नाव कवीच्या बरोबरीने मुखपृष्ठावर छापा. आतल्या पानावर बारीक अक्षरात नको.

विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहिला तेव्हा त्यांनी मुलांसाठी वेगळी, कमी प्रतीची बुद्धी वापरली नव्हती. तेच विंदा, तोच तर्क, तोच खट्याळपणा. मुलांच्या पुस्तकात आणि मोठ्यांच्या पुस्तकात एकच कवी पूर्ण ताकदीने असतो, हे आपल्या भाषेने पाहिलेलं आहे. आता लिहिणाऱ्या कवींना तुम्ही विचारलंत का? माझ्या ओळखीचे दोघे-तिघे म्हणतात, आम्हाला बालकविता लिहिता येत नाही. त्यांना सांगा, लिहू नका, जी लिहिली आहे तिच्यातली एक द्या.

पालकांचं एक सांगते. मागच्या महिन्यात एका मुलाचे वडील पार्किंगमध्ये गाडी लावता लावता थांबले. म्हणाले, “हा घरी सगळ्याला चिना लावतो. अभ्यास होईचिना, दूध संपेचिना. हे कुठल्या पुस्तकात आहे? विकत घ्यायचं आहे.” मी त्यांना काय सांगणार होते? अभंगांच्या गाथेत आहे, हे खरं, पण तो जाडजूड ग्रंथ त्या मुलाला पेलवणार नाही. मी त्यांना डमीच्या झेरॉक्स दिल्या, पिना मारून. गिऱ्हाईक आपण होऊन विचारत आलं होतं आणि माझ्याकडे द्यायला पुस्तक नव्हतं. हे तुम्हाला धंद्यातले म्हणून कळेल.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सवाचे मांडव पडतील. त्याआधी तुमच्यातल्या निदान चार जणांनी एकेक पुस्तक हातात घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे. पहिल्या चार पुस्तकांच्या मांडणीचे पैसे मी घेणार नाही. शब्दार्थाची चौकट, ‘काय शिकलो’ची चौकट आणि वयोगट, या तीन गोष्टी नसतील एवढीच अट.

डमी बघायची असेल तर दुकानात कधीही या, नाहीतर शनिवारी चार वाजता धायरीला. तिथे ती पेटीत सगळ्यात वर असते. कोपरे दुमडले आहेत, एका पानावर चहाचा डाग आहे. शेवटचं पान, ‘कळेचिना’ नंतरचं, मी कोरं ठेवलं होतं. त्या सहा वर्षांच्या मुलीने न विचारता त्यावर हिरव्या स्केचपेनने दोन मूग काढले आहेत, मोड आलेले. तिसरा काढलेला नाही. छापताना ते पान काढू नये, एवढी विनंती.

आपली,
एक अक्षरजुळणीकार
धायरी, पुणे